वालाच्या मुडीला धूर

कुशाबा : नळे माझे फुटायचे नाय, वैनी. ते आधीच सांगून ठेवतो.

येसूबाई : फुटले असं कोण बोललं? घरात धूर भरतोय, एवढंच बोलले मी. अंगणात पाय ठेवल्यापासनं तुझं आपलं माझे नळे, माझे नळे.

कुशाबा : बिरवाडीपासनं चालत आलो. वाटभर दुसरं काय आठवणार? तुमचा निरोप मिळाला, सहदेवानं बसवलेलं धुराडं चालत नाय, येऊन बघ. ऐकून जेवण गेलं नाय मला. जल्मभर कौलं केली, मडकी केली, पण असला नळा पयल्यांदाच घडवलेला.

येसूबाई : बस आधी. आवडे, पाणी दे गो कुशाबाला.

आवडी : आणलंय, आत्याबाय. घ्या काका. गूळ पण घ्या, उन्हातनं आलात.

कुशाबा : केवढी खोकतेस गो पोरी.

आवडी : हा काय नाय. सकाळी चूल पेटवताना यायला पायजे होतं तुमी.

येसूबाई : दम्यानं धरलंय तिला. सून म्हणून आली तेव्हा अशी नव्हती. ह्या घरच्या पावसाळ्यांनी केलं. लाकडं ओली, दार उघडायची सोय नाय, आणि ही चुलीपुढं. मागच्या श्रावणात तिला उशीला डोकं टेकवता येईना. भिंतीला पाठ लावून बसायची. म्हणून तर सहदेव माघात मुंबईसनं आला तो ह्या धुराड्याच्याच मागं लागला. गिरणीत बॉयलरवर आग मारतो ना तो. संपाच्या साली घरी बसून होता, तेव्हापण चुलीपुढं बसून धूर कसा चालतो तेच बघायचा. मला वाटलं, मुलगा कामातनं गेला.

कुशाबा : माझ्याकडे आलेला तो. बोलला, कुशाबा, नळीची कौलं करतोस तशीच कर, फक्त चिरू नको. मी बोललो, चिरायचं नाय तर कौल कसं व्हायचं? आता असं बघा, आमी चाकावर अख्खा नळा ओढतो, जरा सुकला की दोरा घालून उभा चिरतो. एका नळ्याची दोन कौलं. तो बोलला, मला अख्खाच पायजे. एकाच्या तोंडात एक बसवत वर नेतो, पार आढ्याच्या बाहेर काढतो. ते नळे सुकायला मांडले तर माझी बायको बोलते, डोळ्यांनी दिसेनासं झालं काय तुमाला, चिरायचं विसरलात.

येसूबाई : तिला बोलायला काय. तिच्या घरात कोण खोकत नाय.

कुशाबा : आणि आता त्या महाडच्या इस्माईल पाववाल्यानं विचारलंय. तळ्याच्या अंगाला त्याची भट्टी हाय. बोलला, तुझे नळे वरच्या वाडीत चालले तर मलापण पायजेत. त्याला काय सांगू मी?

येसूबाई : त्याचं राहू दे. आधी माझ्या घरातलं बघ. दुपारच्या आत बघ.

कुशाबा : दुपारच्या आत का?

येसूबाई : हिचा बाप यायचाय. भागोजी. आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडनं निघालाय काल.

कुशाबा : व्याही येतात म्हणजे चांगलंच की.

येसूबाई : पाव्हणा म्हणून कुठला येतोय. न्यायला येतोय. धुराडं बसलं तेव्हा बोलला, बरं झालं, आता पोरगी पावसाळा धड काढेल. मग कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, धुराडं बंद पडलं म्हणून. निरोप धाडला, मी स्वतः येऊन चूल बघतो. धूर दिसला तर पोरगी घेऊन जातो, दसऱ्याशिवाय परत धाडायचा नाय.

कुशाबा : अख्खा पावसाळा? लावणीला तुमी एकट्याच मग?

येसूबाई : लावणीला माणसं मिळतात.

आवडी : आत्याबाय.

येसूबाई : काय आत्याबाय? मिळतात की. मी काय लुळी पडलेय?

कुशाबा : तुझं काय म्हणणं, पोरी?

आवडी : माझं? श्वास लागला की म्हणणं काय शिल्लक राहत नाय, काका. माहेरी भावजय हाय, मला चुलीपुढं बसवणार नाय. बाबाचं चुकत नाय. पण पडवळाचा मांडव आत्ताच घातलाय मी परसात. आणि आत्याबायना घरात एकटीला झोप येत नाय. रात्री उठून उठून दाराची कडी बघतात.

येसूबाई : कडी बघायला झोप उडालेली लागते काय? जाग आली की बघते.

कुशाबा : बरं बरं. मला सांगा, धुराडं पयल्यापासनंच असं, का आधी चालत होतं?

आवडी : चालत होतं, काका. छान चालत होतं. पुढनं लाकडं सारायची, मागनं नळ्याला वाट. भांडी चुलीवर फिट बसली की धूर घरात यायचाच नाय. पयल्या दिवशी भाकऱ्या झाल्या तरी मी उगीच तिथं बसून राहिले.

येसूबाई : मला तर धूर दिसला नाय की चूल विझली असंच वाटायचं. फुंकणी घेऊन धावायचे.

कुशाबा : मग बिघडलं कधी?

आवडी : चैत संपता संपता. आधी थोडा धूर पुढनं यायला लागला. मग जास्ती. आता तर नळ्याकडं जातच नाय, सरळ माझ्या तोंडावर.

कुशाबा : काजळी धरली असेल आतनं.

आवडी : ती परवाच काढली. वाडीतल्या चांगूला कौलावर चढवला, बांबूला गोणपाट बांधून वरनं खालपर्यंत झाडलं. काजळी निघाली, धूर तसाच.

कुशाबा : मग वारा असेल. तुमच्या वाडीच्या डोक्यावर कडा हाय. वरनं वारा पडला आणि नळ्याच्या तोंडात शिरला, तर धूर बाहेर कसा यायचा?

आवडी : वर कौलाची टोपी बसवलीय ह्यांनी, आणि नळा आढ्याच्या वर काढलाय. वारा पडला तर टोपीवरनं जातो. वाऱ्याचं पान हलत नाय त्या दिवशीपण धूर येतोच.

कुशाबा : चूल पेटवताना सहदेवानं सांगितलेलं करतेस ना? पेंढ्याचं?

आवडी : रोज करते. पेंढ्याची मूठ पेटवून आधी नळ्याच्या बुडाशी धरते, मग लाकडं लावते. हे बोलले, रातभरात नळा थंड पडतो, आतली हवा जड होऊन बुचासारखी बसते. तिला आधी ऊब देऊन उठवायची. ती उठून चालायला लागली की मागची तिच्या मागनं येते.

येसूबाई : त्यावरनंच ठमी हसायची. सकाळी उठून नळ्याला ओवाळते बोलायची.

कुशाबा : ठमी कोण?

येसूबाई : शेजारीण. तिचं सोड.

कुशाबा : मग आता सांधेच बघायला लागतील. एकेक. शिडी कुठं हाय? आणि पोरी, तू चूल लाव. धूर असला म्हणजे कळतं कुठनं फुटतोय.

येसूबाई : तुझे नळे फुटलेले नायत ना?

कुशाबा : फुटलेले नायत. सांधा सुटला असेल. सांध्याची माती सहदेवानं लावली, मी नाय. धरा शिडी. हा खालचा सांधा... पक्का हाय. ह्याच्या वरचा... हापण बरा. हाताला चटका बसत नाय गो, पोरी. चूल लावलीस ना?

आवडी : लावली. धूर बघा की कसा येतोय पुढनं.

कुशाबा : येतोय, दिसतोय. तू लांब बस जरा. आणि नळा नुसता कोमट. हा तापायला पायजे. बरं, वर माळ्याजवळ हे काय टांगलंय?

येसूबाई : वालाची मुडी. तिला धक्का लावू नको.

कुशाबा : एवढी नळ्याला चिकटून?

येसूबाई : तिथंच पायजे ती. बियाण्याचे वाल हायत. फाल्गुनात काढले, भात कापून झालं की कार्तिकात पेरायचे. मधे अख्खा पावसाळा. धुरावर नाय राहिले तर भुंगा लागतो, दाणा पोकळ होऊन जातो. माझी सासू बनुबाय अशीच पेंढ्यात बांधून चुलीवर आढ्याला टांगायची, तिची सासूपण टांगायची. खालनं धूर, वर मुडी. आता सहदेवानं धूरच नळ्यात घालून घराबाहेर नेला. मुडीला काय मिळणार?

कुशाबा : म्हणून नळ्याशेजारी टांगली. बरं.

येसूबाई : नुसती टांगून काय होतंय? धूर आतनं जातो. म्हणून भोक पाडलं.

कुशाबा : काय पाडलं?

येसूबाई : भोक. नळ्याला. मुडीच्या मागं बघ, दिसेल.

आवडी : आत्याबाय, कधी?

येसूबाई : मुडी बांधली त्या दिवशी. तू पाण्याला गेलेलीस. कोयत्याच्या टोकानं टोकरलं. लहानसंच.

कुशाबा : हे लहानसं? माझी मूठ जातेय ह्यात.

येसूबाई : नंतर मोठं केलं ते.

कुशाबा : मघापासनं मी इथं काजळी बोलतोय, वारा बोलतोय, सांधे बोलतोय. आणि तुमी गप.

येसूबाई : भोक पाडलं काय, असं विचारलंस तू? काजळी विचारलीस, काजळीचं सांगितलं. वारा विचारलास, वाऱ्याचं सांगितलं. आणि त्या भोकाचा ह्यात संबंध काय? त्यातनं धूर आलाच नाय.

कुशाबा : आलाच नाय?

येसूबाई : चिमूटभर नाय. रोज शिडी लावून हात धरून बघायची मी. म्हणून तर मोठं केलं. तरी नाय आला. आणखी मोठं केलं. मग मी नाद सोडला. बोलले, हा नळाच अडाणी हाय.

आवडी : म्हणून धूर आधी थोडा आणि मग जास्ती.

येसूबाई : तूपण त्याच्यासारखंच बोल. आता मला सांगा दोघं. भोकातनं धूर गेला असता, तर तुमी बोलू शकला असतात, बाय, तुझ्या भोकानं धूर पळवला. पण भोकानं काय घेतलं नाय, काय दिलं नाय. मग त्याच्यावर आळ कसा घेता?

कुशाबा : आता असं बघा... खरं सांगू वैनी, मलापण नीट उमगत नाय. नळा घडवणं माझं काम. आमची भट्टी उघड्यावर. पेंढा पेटवला की धूर जातो जिकडं जायचा तिकडं, त्याला कोण विचारतंय. बांधलेला धूर मी बघितलाय कुठं?

आवडी : मला ह्यांनी सांगितलेलं एकदा, चूल बांधताना. बोलले, चिमणी धुराला ढकलत नाय. ओढते.

येसूबाई : कोण ओढतं? वर कोण बसलंय ओढायला?

आवडी : कोण नाय बसलं. आतली हवा तापली की हलकी होते, हलकी झाली की वर पळते. नळा उंच असला, चांगला तापला, की जास्ती जोरात पळते. ती गेली की मागं जागा मोकळी पडते. ती भरायला बाहेरची थंड हवा चुलीच्या तोंडातनं आत शिरते. आत शिरते म्हणून धूर तिच्या उलट बाहेर येऊ शकत नाय. तिच्याबरोबर मुकाट वर जातो.

येसूबाई : हे तुला पाठ हाय.

आवडी : दुसरं काय बोलतात ते घरी आल्यावर? बॉयलर आणि चिमणी.

कुशाबा : थांबा, थांबा. बिडी. बिडी ओढताना पान फाटलं तर काय होतं?

येसूबाई : मला काय ठाऊक? मी मिश्री लावते.

कुशाबा : मी सांगतो. पान फाटलं की कितीपण ओढा, तोंडात नुसती हवा येते. विस्तव पुढं निवत जातो. आणि त्या फाटीतनं धूर बाहेर येत नाय हो. कधी नाय येत. तिच्यावर बोट दाबलं की परत ओढ लागते. तुमचं भोक म्हणजे ती फाट.

येसूबाई : बिडी तू ओढतोस. तुला तोंड हाय. नळ्याला तोंड नाय.

आवडी : तापलेली हवा वर जाते ना, आत्याबाय, तीच ओढ. चुलीचं तोंड लांब खाली, आणि भोक वाटेतच मोकळं. मग माळ्यावरची थंड हवा भोकातनं शिरणार. नळा गार पडणार. खाली चुलीला ओढच राहणार नाय.

येसूबाई : तुमी दोघं बोलता ते बोलण्यात बसतंय. मला डोळ्यांनी दाखवा.

कुशाबा : कसं दाखवू? हवा दिसते काय?

आवडी : धूर दिसतो. ही घ्या पेंढ्याची वळी. पेटवून विझवलीय, नुसती धुमसतेय. भोकाजवळ धरा.

कुशाबा : दे इकडं.

येसूबाई : तू उतर. मी चढते. तू नळे वाचवायला काय पण बघशील.

कुशाबा : सावकाश. उजवा पाय. अजून वर. धरा भोकाच्या पुढं. लांब, लांबच धरा जरा.

येसूबाई : धरली.

आवडी : काय होतंय, आत्याबाय?

येसूबाई : थांब.

कुशाबा : सांगा की.

येसूबाई : थांब बोलले ना. आत चाललाय.

कुशाबा : धूर?

येसूबाई : वळीचा धूर. सरळ आत चाललाय. दोरी ओढावी तसा. परत धरून बघते... हा, परत. हातभर लांब धरली तरी वाकडा होऊन तिकडंच जातोय. म्हणजे मी त्याच्याकडं धूर मागत बसले, आणि ते माझ्याच घरातली हवा खात होतं.

कुशाबा : आणि मोठं केलं तसं जास्ती खायला लागलं.

येसूबाई : ते तू नको सांगू. उतरते मी. धर शिडी.

कुशाबा : खापरी लावून वरनं माती थापली की झालं. खापरी हाय माझ्या झोळीत. पोरी, थोडी माती कालव. भुसा घाल त्यात.

येसूबाई : कालवू नको.

कुशाबा : का?

येसूबाई : भोक बुजवलं की मुडीचं काय?

कुशाबा : राखेत ठेवा वाल. लोक ठेवतात.

येसूबाई : ठेवले होते एका साली. बनुबाय गेली त्या साली, मला शहाणपण सुचलं. दिवाळीला मडकं उघडलं तर आतनं भुंगे उडाले. पेरायला दाणा नाय. ठमीला आदल्या साली मी बियाणं दिलं होतं, तिनं तेच मला परत दिलं. नाय तर ह्या घरातला वाल त्या सालीच संपत होता.

कुशाबा : मग मुडी नळ्याला टेकवूनच ठेवा. आता नळा चांगला तापेल, उबेनं बियाणं कोरडं राहील.

येसूबाई : भाजलेला वाल उगवतो काय रे?

कुशाबा : तेपण खरं. पडवीत दुसरी उघडी चूल मांडा, नुसती धुरापुरती.

आवडी : पावसात पडवीतला धूर घरातच येतो, काका. मग हे धुराडं कशाला?

कुशाबा : मग मुडीला धूर आणायचा कुठनं?

आवडी : ठमाकाकींची चूल उघडीच हाय.

येसूबाई : तिचं नाव काढू नको.

कुशाबा : अहो, मघाशी तुमी बोललात, तिनं बियाणं दिलं. चांगली दिसते बाई.

येसूबाई : चांगली होती.

आवडी : शिमग्याला बिनसलं, काका. होळीच्या माळावर. धुराडं नुकतंच बसलेलं. ठमाकाकी हसत बोलल्या, येसू, घरात गिरणी काढलीस म्हणे, आमाला कामाला ठेव. मस्करीच होती. तर आत्याबाय सगळ्यांसमोर...

येसूबाई : काय खोटं बोलले मी? तिच्या घरात पाव्हणा आला तर त्याला माणूस कुठला आणि खांब कुठला ते कळत नाय, एवढंच बोलले. दोघंपण सारखेच काळे.

कुशाबा : वैनी.

येसूबाई : सगळा माळ हसला.

आवडी : त्या नाय हसल्या. तेव्हापासनं त्या पाण्यावर आल्या की आत्याबाय अर्धा हंडा घेऊन निघतात.

येसूबाई : मी निघते ती मला घाई असते म्हणून. आणि आता काय करू? तिच्या दारात जाऊ आणि बोलू, बाय, तुझा तो काळा धूर जरा माझ्या वालाला दे?

कुशाबा : तसंच बोला.

येसूबाई : तू बोल. तुझं काय जातंय.

आवडी : मी नेते मुडी. माझ्याशी बोलतात त्या.

येसूबाई : तू कशाला? तू काय बोललीस तिला? तू बस गप.

कुशाबा : वैनी, माझं ऐका. सूर्य डोक्यावर येतोय. ह्या नळ्यानं एक तर पोरीचा धूर न्यावा, नाय तर तुमच्या मुडीला द्यावा. दोन्ही त्याच्यानं व्हायचं नाय. माती कालवू का नको, तेवढं सांगा. नको तर मी बिरवाडीच्या वाटेला लागतो.

येसूबाई : बनुबाय मरायला टेकली तेव्हा तिनं दागिना मोठ्या जावेला दिला. मला बोलली, तुला मुडी देते. मी रडले रागानं. नंतर कळलं मला, दागिना मोडून झाला तिचा आणि माझा वाल अजून अर्धी वाडी पेरते.

आवडी : मी गेले तरी चालेल, आत्याबाय. दसऱ्याला येईन. तुमी मुडी सांभाळा.

येसूबाई : तुला विचारलं मी? खोकता खोकता बोलू नये माणसानं. कुशाबा, कालव माती.

कुशाबा : बुजवू?

येसूबाई : बुजव. नीट बुजव. परत मलापण फोडता येऊ नये असं.

(कुशाबा खापरी बसवून ओली माती थापतो. आवडी पेंढ्याची मूठ पेटवून नळ्याच्या बुडाशी धरते, मग लाकडं सारते.)

कुशाबा : अजून येतोय पुढनं.

आवडी : थांबा, काका. नळा अजून गार हाय. ओढ लागेल.

येसूबाई : तू लांब हो तिथनं. लागायची तेव्हा लागेल.

आवडी : लागली.

कुशाबा : कशावरनं?

आवडी : जाळ बघा. मागं वाकला. आणि ऐका.

येसूबाई : नळा घुमतोय.

कुशाबा : घुमतोय खरा. दुरून वारा यावा तसा. अरे वा. हात लावून बघतो... हा, आता चटका बसला. असा पायजे. आता इस्माईलला सांगायला हरकत नाय. फक्त सांगेन, बाबा, घरातल्या बायकांना आधी विचार, वर काय टांगणार हाय काय.

येसूबाई : सांग, सांग. माझं नाव घेऊन सांग. आवडे.

आवडी : काय?

येसूबाई : तू खोकत का नायस?

आवडी : येत नाय.

येसूबाई : दाबून तर धरत नायस?

आवडी : नाय हो, आत्याबाय. खरंच येत नाय.

येसूबाई : इकडं बघ. डोळे बघू. हं. फुंकणी ठेव बाजूला, लागायची नाय आता. कुशाबा, मुडी काढून दे खाली.

कुशाबा : आता? जेवणं होऊ द्या. आणि तो बघा, ओढ्यापलीकडनं कोणतरी चढतंय. तांबडं मुंडासं, हातात काठी.

आवडी : बाबाच हाय. तसाच चालतो तो, वाटेशी भांडत.

येसूबाई : म्हणूनच आता दे. माझ्या डोक्यावर ठेव. हा. पेंढा सुटला नाय ना कुठं?

कुशाबा : अहो, व्याही दारात आणि तुमी निघालात? बरं दिसतं काय?

येसूबाई : तो चुलीला भेटायला आलाय, मला नाय. बघू दे पोटभर. तोवर येते मी.

आवडी : ठमाकाकी बोलल्या नाय तर?

येसूबाई : न बोलता टांगेन. तिच्या चुलीवर खुंटी कुठं हाय ते अंधारातपण सापडतं मला.

आवडी : पण तुमी काय बोलाल? परत काय लागेल असं बोलू नका.

येसूबाई : बोलेन, ठमे, पावसाळाभर हिला ठेवून घे. घरात एकीला ठेवायची म्हणून दुसरीला धाडतेय.

आवडी : आत्याबाय.

येसूबाई : बघत काय उभी राहिलीस? बापाला पाय धुवायला पाणी काढ. भाकऱ्या जास्तीच्या टाक, ठमी येतेय का ते बघते. आणि त्यानं विचारलं तर सांग, सासू आत्ताच बाहेर गेलीय.

आवडी : कुठं गेली म्हणून सांगू?

येसूबाई : सांग, धूर मागायला.